गाढवाला चेहरा विचारत नाहीत

आत्याच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धत नव्हती. वस्तू जुनी होऊन मोडीत निघे, पण प्लास्टिक नवंच राही आणि भंगारवाला दोन्ही एकत्रच उचलून नेई. बैठकीतला सोफा प्लास्टिकमध्ये होता. उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठताना असा काही आवाज होई की तो बिचारा सगळ्यांकडे बघून "सोफ्याचा, सोफ्याचा" असा खुलासा करी. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये होता. त्यावरचे आकडे अंदाजाने दाबायचे. बातम्या लावायला जावं तर कुस्ती लागे, आणि आत्याचा धाकटा भाऊ मग "लागलीच आहे तर" म्हणून कुस्तीच बघत बसे. फ्रिजच्या दारावर कारखान्यातून आलेली पातळ फिल्म होती. तिचा कोपरा सुटला की भावजय तो डिंकाने परत चिकटवी. कुणी काही काढायला गेलंच तर घरातल्या कुणाच्याही तोंडून एकच वाक्य निघे, "असू दे, खराब होईल."

आणि ह्या सगळ्यांच्या वर, भिंतीवर, आत्याचं घड्याळ.

आत्याने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा आणि हातात वायरी. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचं लग्न मोडलं, हे त्या कुटुंबाच्या आधी आत्याला कळत असे. पण तिने कधी चकार शब्द बाहेर काढला नाही. निवृत्त होताना बरोबरच्या मुलींनी तिला ते घड्याळ दिलं होतं. (त्या 'मुली' तेव्हा पन्नाशीच्या होत्या, पण आत्याच्या लेखी अजून मुलीच.) घड्याळाच्या काचेवरची फिल्म आत्याने कुणाला हात लावू दिली नव्हती. तबकडीवर मधोमध एक चित्र होतं. "टेलिफोन आहे तो," आत्या प्रत्येक पाहुण्याला सांगे, "मुलींनी मुद्दाम शोधून आणलं." पाहुणे डोळे बारीक करून बघत आणि हो म्हणत. फिल्ममुळे काटे धड दिसत नसत, त्यामुळे घरात कुणी किती वाजले विचारलं की बाकीचे खिडकीतून समोरच्यांच्या घड्याळाकडे बघत.

अशा घरातल्या मुलीला जनावरांच्या डॉक्टरीला प्रवेश मिळाला.

मुलगी म्हणजे ह्या धाकट्या भावाची लेक, आत्याची भाची. लहानपणी गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. पुढे ताई गळली आणि खारू राहिली. घरात कुणी कधी कुत्रंसुद्धा पाळलेलं नव्हतं. पाळलं असतं तर त्यालाही बहुधा प्लास्टिक घातलं असतं. पण खारू लहानपणापासून रस्त्यावरच्या प्रत्येक लंगड्या जनावरामागे धावत आली होती आणि आता कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. अगदी शेवटचं का होईना, पण लागलं होतं.

कॉलेजकडून निरोप आला की प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक हवा. भावाने चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. प्रोसेसर असा हवा, मेमरी एवढी हवी, कॅमेरा हवा, मायक्रोफोन हवा, हेडफोन हवा. एवढं असलं म्हणजे घरी बसून गाईचं शरीर पडद्यावर उघडून बघता येईल, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा बघता येतील, जनावरांच्या छातीचे आवाज ऐकता येतील. आणि प्रवेश पक्का व्हायच्या आधी प्रत्येकाने आपल्या संगणकावरून 'सिद्धता चाचणी' द्यायची. संगणक नापास झाला, किंवा वेळेत चाचणी झाली नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला.

"म्हणजे परीक्षा खारूची की मशीनची?" भावजयीने विचारलं.

"दोघांची," भाऊ म्हणाला. "आणि मला मशीनचीच जास्त काळजी वाटतेय."

तेव्हा आत्या पदर खोचून उभी राहिली. "हेडफोन म्हणालास ना? मग हे खातं माझं. अख्ख्या शहराच्या लाइनी सांभाळल्यात मी. तुम्ही कुणी मध्ये पडू नका."

मध्ये पडायला घरातल्यांची गरजच नव्हती. शेजारी कर्नल होते. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. त्यांनी जन्मभर स्वतःच्या दुकानात बनियन आणि मोजे विकले. पण मिशी आणि आवाज असा की गिऱ्हाइकं घाबरून एकाऐवजी दोन जोड घेत, आणि त्यावरून हे नाव पडलं. ते दारातूनच गरजले, "संगणक घ्यायचा तर वजनाने जड घ्या! हलका माल टिकत नाही." हे त्यांचं बनियनबाबतही मत होतं.

दुकानदाराने आत्याला विचारलं, "आजी, कशासाठी पाहिजे? नातवाला गेम खेळायला?"

"जनावरांसाठी," आत्या ताठ मानेने म्हणाली.

दुकानदाराने मांडलेल्या लॅपटॉपांवरून नजर फिरवली. मग गिऱ्हाईक हे दैवत वगैरे आठवून म्हणाला, "जनावरांसाठी हा बरा राहील. कीबोर्ड मजबूत आहे."

"ते वापरणार नाहीत हो," खारू घाईने म्हणाली. "मी वापरणार. मी त्यांची डॉक्टर होणार."

त्याने खोक्यातून लॅपटॉप काढला, उघडला, आणि पडद्याच्या काळ्या चौकटीवर वरच्या बाजूला चिकटवलेल्या पातळ पट्टीचा कोपरा नखाने उचलला.

"हात काढा!" आत्या अशी ओरडली की पलीकडच्या काउंटरवर मोबाईल बघणाऱ्या माणसाने हातातला मोबाईल खाली ठेवला.

"आजी, ही फिल्म काढायची असते."

"कुणी सांगितलं? कारखान्याने लावली ती काय मूर्ख म्हणून? असू दे. खराब होईल."

दुकानदाराने खारूकडे बघितलं. खारूने खांदे उडवले. त्यात काही विशेष आहे असं तिला वाटलंच नाही. ती लहानाची मोठी झाली ती टीव्ही, फ्रिज, रिमोट सगळं प्लास्टिकमधूनच बघत. नवी वस्तू थोडी धुकट असायचीच, अशी तिची समजूत होती. त्या पट्टीखाली, बरोबर मधोमध, मोहरीएवढा कॅमेरा होता. तो मात्र कुणाच्याच लक्षात आला नाही.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. कॉलेजने पाठवलेला एक भाग खारूने उघडला आणि पडद्यावर एक गाय उभी राहिली. बटण दाबलं की तिची कातडी नाहीशी व्हायची, आणखी दाबलं की स्नायू, मग हाडं. भावजयीने एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अगं, घाल तिला काहीतरी परत." दुसऱ्या भागात आवाज होते. गाढवाचं हृदय, घोड्याची फुप्फुसं, गाईचं पोट. आत्याने कित्येक वर्षांनी डोक्याला हेडफोन चढवला आणि तिचा चेहराच बदलला. पाठ आपोआप ताठ झाली. गाढवाचं हृदय सुरू झालं तशी ती नकळत म्हणाली, "हॅलो?" मग डोळे मिटून ऐकत राहिली. एका आवाजाला म्हणाली, "ह्याची लाइन स्वच्छ आहे." दुसऱ्याला म्हणाली, "ह्याच्या लाइनीत खरखर आहे गं, पाणी शिरल्यासारखी." खारूने उत्तर उघडून बघितलं तर त्या गाढवाच्या हृदयाची झडप खरंच गळत होती. ही गोष्ट आत्याने भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितली. पुढच्या दोन आवाजांत तिने निरोगी घोड्याला मरणोन्मुख ठरवलं, ते मात्र नाही सांगितलं.

मग आली चेहऱ्याची नोंदणी.

चाचणीच्या वेळी समोर बसलेली मुलगी खरंच तीच आहे हे मशीन तिच्या चेहऱ्यावरून ओळखणार होतं, म्हणून आधी एकदा चेहरा दाखवून ठेवायचा. खारू केस विंचरून बसली. मशीनने विचार केला आणि म्हणालं, "चेहरा अस्पष्ट."

"उजेड कमी आहे," आत्याने निदान केलं. ट्यूबलाइट लावली. टेबल-लॅम्प आणला. भावजय आरसा घेऊन खिडकीत उभी राहिली आणि तिने ऊन आत वळवलं, ते भावाच्या डोळ्यांत गेलं. "चेहरा अस्पष्ट."

"मागे पांढरं पाहिजे," भाऊ डोळे चोळत म्हणाला. मागे चादर धरली. चादर धरून त्याचे हात भरून आले. "चेहरा अस्पष्ट."

आत्याने कॉलेजच्या मदत कक्षाला फोन लावला. खूप वेळ सनई वाजली. मग एक कंटाळलेला आवाज आला, "बोला."

"आधी 'नमस्कार, मदत कक्ष' असं म्हणायचं असतं," आत्या म्हणाली. "आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं."

पलीकडचा आवाज खाकरला. "नमस्कार, मदत कक्ष. बोला."

"मशीन आमच्या मुलीला अस्पष्ट म्हणतंय. मुलगी चांगली ठसठशीत आहे."

"बंद करून चालू करा."

"मुलीला?"

फोन कट झाला. आत्याचा इतका अपमान एक्स्चेंजमध्ये मंत्र्यांच्या सेक्रेटरीनेसुद्धा केला नव्हता.

शेवटी कर्नल आले. त्यांनी पडद्यावरची खारू बघितली, मग खुर्चीतली खारू बघितली आणि निकाल दिला, "भुवया! तुझ्या भुवयांना काही दमच नाही. मशीन काय बघणार? चेहऱ्यात दोन ठळक रेघा पाहिजेत." आणि पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या मिशीला पीळ दिला. भावजयीने मुकाट्याने भुवयांची पेन्सिल आणली. खारूच्या कपाळाखाली दोन दणदणीत कमानी उभ्या राहिल्या. ती आता कुणाचा तरी जीव घ्यायला निघालेल्या नटासारखी दिसत होती. मशीन थबकलं, बराच वेळ गोल गोल फिरलं आणि म्हणालं, "चेहरा नोंदवला. ओळखपत्रावर हेच छायाचित्र येईल."

"हे?" खारू किंचाळली. पडद्यावर धुक्यातून दोन काळ्या भुवया चालत येत होत्या. बाकीची मुलगी मागून कुठूनतरी येणार असावी.

"छान आलंय," आत्या म्हणाली. "पूर्वी फोटो असेच यायचे. मऊ."

चाचणीचे दोन भाग होते. आधी प्रश्न, आणि मग कॅमेऱ्यासमोर एका चौपायी प्राण्याच्या पुढच्या डाव्या पायाला बँडेज बांधून दाखवायचं. प्राणी नसेल तर प्रतिकृती चालेल, अशी सवलत होती. बाजारातून कापडी कुत्रा आणावा असं खारूचं म्हणणं होतं. पण आत्या म्हणाली, "चौपायी एवढंच म्हटलंय ना?" आणि तिने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. त्यावर उशी बांधली, उशीला चादरीची झूल घातली, आणि मागच्या बाजूला स्वतःचं जुनं गंगावन शेपूट म्हणून शिवून टाकलं.

"आत्या, ह्याचा डावा पाय कुठला?"

"शेपूट आहे ते मागचं. नाही ते पुढचं. आता डावं-उजवं तुला कळत नसेल तर डॉक्टर होऊन काय करणार आहेस?"

चाचणीच्या सकाळी घरात लग्नघरासारखी गडबड होती. नियम कडक होते. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, आणि ठरलेली वेळ संपायच्या आत चेहरा दाखवून आत शिरलं पाहिजे. मग दार बंद. भाऊ कचेरीतून रजा घेऊन उगीचच इकडून तिकडे फिरत होता. भावजयीने प्रेशर कुकरला सुट्टी दिली होती. स्टूल झूल घालून सज्ज उभं होतं. खारू हात पुसत होती, पुन्हा पुसत होती. रात्री तिने आत्याला हळूच विचारलं होतं, "जागा गेली तर गं?" आणि आत्या म्हणाली होती, "जाते कशी? मी आहे ना लाइनीवर." तेवढ्यावर ती झोपली होती.

अशा वेळी शुभेच्छा द्यायला कर्नल आले. ते लॅपटॉपसमोर वाकले, कारण त्यांना प्रत्येक गोष्टीसमोर वाकून बघायची सवय होती. आणि त्यांना ती पट्टी दिसली.

"अरे, हे काय? ह्या कॅमेऱ्यावर प्लास्टिक आहे!"

आणि कुणी नाही म्हणायच्या आत त्यांनी ते टर्रकन ओढून काढलं.

पडद्यावर खारू उगवली. काय सांगावं! केसन् केस वेगळा. नाकावरचा तीळ. मागच्या भिंतीवरची रंगाची पोपडी. भावजय म्हणाली, "अगंबाई, भिंत इतकी खराब झालीय?" कर्नल विजयाने मागे वळले. "एवढे दिवस 'अस्पष्ट, अस्पष्ट' करत होतात. ट्यूबलाइटी काय, चादरी काय! सगळा घोटाळा ह्या प्लास्टिकचा! कुणी ठेवलं होतं हे?"

 भावाने एकदा आत्याकडे बघितलं, आणि ते बघणं आत्याला फार लागलं. ह्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि काही कारण नसताना एक स्वच्छ पातेलं घासायला लागली. आपण इतकी वर्षं अख्ख्या शहराला एकमेकांचे आवाज स्वच्छ ऐकवले आणि स्वतःच्या घरात मुलीच्या तोंडावर पडदा घालून बसलो, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं. पातेलं फार चकचकीत झालं.

तेवढ्यात बाहेरून खारूचा आवाज आला. "आत्या!"

मशीन म्हणत होतं, "चेहरा नोंदणीशी जुळत नाही. ओळख पटली नाही."

"परत बघ," भाऊ म्हणाला. परत बघितलं. "ओळख पटली नाही." खारू हसून बघ, गंभीर हो, मान वाकडी कर. मशीन ऐकेना. त्याच्या लेखी खारू म्हणजे एक धुकट मुलगी होती, आणि ही समोर बसलेली तीळवाली, केसन् केस दिसणारी कुणी दुसरीच होती. खोटी परीक्षार्थी.

भावाने घाईघाईने मदत कक्षाला फोन लावला. "नमस्कार, मदत कक्ष," पलीकडून आवाज आला. आत्याची शिकवण वाया गेली नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चेहरा एकदाच नोंदवता येतो. बदलायचा असेल तर कारणासह लेखी अर्ज करा. समितीपुढे ठेवू."

"अहो, चाचणी आत्ता आहे!"

"मग आधीचाच चेहरा वापरा."

फोन ठेवून भाऊ मटकन सोफ्यावर बसला. सोफा जे बोलायचं ते बोलला. पण आज कुणी हसलं नाही.

आत्या दारात येऊन उभी होती. हातात पातेलं, आणि डोळ्यांत एक्स्चेंजमधली जुनी चमक. "कर्नल," ती अतिशय शांतपणे म्हणाली, "तुम्ही काढलेलं प्लास्टिक कुठे आहे?"

कर्नलांना विचार करताना बोटांत काहीतरी मळायची सवय होती. दुकानात ते दोऱ्यांच्या गोळ्या करत. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोळी होती.

"मी तेव्हाच म्हणत होते," आत्या म्हणाली, "असू दे म्हणून!"

आणि तिने सूत्रं हातात घेतली. "धुकं पाहिजे. आणा, घरात मिळेल ते आणा!"

भावजयीने कात्रीने सोफ्याच्या पाठीवरच्या प्लास्टिकचा तुकडा कापला. इतक्या वर्षांत त्या सोफ्याला प्रथमच वारा लागला. तो तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला तर मशीन म्हणालं, "व्यक्ती उपस्थित नाही." फार जाड. रिमोटचं प्लास्टिक सोलून आणलं. ते इतकं पिवळं पडलं होतं की पडद्यावरची खारू बघून खारूच म्हणाली, "ह्या पेशंटला कावीळ आहे." फ्रिजच्या दारावरची फिल्म आणली, ती तेलकट वाफांनी अशी झाली होती की एका खारूच्या दोन दिसायला लागल्या, आणि मशीन म्हणालं, "एकापेक्षा अधिक व्यक्ती. इशारा." आत्याने स्वतः कॅमेऱ्यावर तोंडाने वाफ सोडली. क्षणभर धुकं सुरेख पडलं, मशीन फिरायला लागलं, सगळ्यांनी श्वास रोखले. आत्यानेही रोखला, म्हणून धुकं उडून गेलं.

"किती वेळ राहिला?" खारूचा आवाज रडवेला झाला होता.

घाईत सगळ्यांनी खिडकीऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काटे दिसले नाहीत. पातळ, स्वच्छ, सारख्या धुक्याआड कुठेतरी ते फिरत होते.

कुणी त्या घड्याळावरून नजर काढेना.   हे मागायची कुणाची हिंमत नव्हती.

"खुर्ची आणा," आत्या म्हणाली.

ती स्वतःच चढली. घड्याळ उतरवून तिने मांडीवर घेतलं आणि नखाने फिल्मचा कोपरा शोधला. तो तिला लगेच सापडला. इतक्या वर्षांत तो सुटला नाही ना हे ती रोज धूळ पुसताना बघत आली होती. ज्या मुलींनी ते दिलं त्यांतल्या किती जणींचा फोन आता लागत नव्हता. फिल्म सुटताना बारीकसा आवाज झाला, जुन्या फळ्यावरून वायर काढताना व्हायचा तसा.

खारूने ती हलक्या हाताने कॅमेऱ्यावर लावली. पडद्यावर मऊ, पूर्वीच्या फोटोसारखी मुलगी आली. मशीन फिरलं. "ओळख पटली नाही."

भावजयीने डोक्याला हात लावला. आणि तेव्हा आत्या ओरडली, "भुवया! अगं, भुवया राहिल्या!"

पेन्सिल सापडेना. सापडली तर टोक मोडलेलं. कर्नलांनी आपल्या गुन्ह्याचं प्रायश्चित्त म्हणून दाताने टोक काढलं. भावजयीने एक कमान काढली, आत्याने दुसरी. दोघींच्या मापात थोडा फरक पडला आणि खारू एका डोळ्याने रागावलेली, दुसऱ्याने आश्चर्यचकित दिसू लागली. मशीन फिरलं. फिरलं. फिरतच राहिलं.

"ओळख पटली. कृपया खोलीतील इतर व्यक्तींनी बाहेर जावे."

इतर व्यक्ती अशा बाहेर धावल्या की दारात कर्नल आणि भाऊ अडकले. मग सगळे स्वयंपाकघरात दाराला कान लावून उभे राहिले. आत्याने पातेलंच दाराला लावलं आणि त्यातून ऐकून बाकीच्यांना जोडून दिलं. "प्रश्न झाले... आता बँडेज... कुणीतरी बोलतंय."

संगणकातून एक पुरुषी आवाज येत होता. "प्राणी दाखवा." मग स्टूल सरकल्याचा आवाज. "हे... तोंड कुठल्या बाजूला आहे?"

"शेपूट नाही त्या बाजूला, सर."

"जात कुठली?"

आत्याने पातेलं घट्ट धरलं.

"संकरित आहे, सर," खारू म्हणाली. पलीकडचा आवाज हसला. हसू लवकर थांबेना. मग तो म्हणाला, "बांधा. घोट्याखाली घट्ट नको." आणि थोड्या वेळाने, "छान बांधलंत. शांत आहे प्राणी."

खारूची जागा टिकली.

संध्याकाळी आत्या घड्याळ परत लावायला गेली तेव्हा तिने प्रथमच तबकडी नीट बघितली. मधलं चित्र टेलिफोनचं नव्हतं. बदकाचं होतं. चांगलं गुबगुबीत, चोच उघडलेलं. ती जरा वेळ बघत राहिली. भाऊ मागे येऊन उभा होता. त्याने ते बघितलं, आणि सकाळच्या बघण्याची भरपाई म्हणून काहीच बोलला नाही.

"मुलींना विनोद फार सुचायचे," आत्या शेवटी म्हणाली आणि घड्याळ खिळ्याला अडकवलं. "असू दे. आता घरात डॉक्टरही आहे त्याला."

सोफ्याचं राहिलेलं प्लास्टिक भावजयीने दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. सगळे सोफा फिकट निळा समजत होते. तो झगझगीत पोपटी निघाला. तिसऱ्या दिवशी तिने बाजारातून नवीन प्लास्टिक आणलं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा खारूला पोचवायला आत्या गेली. फाटकात एका खांबावर कॅमेरा होता. चेहरा दाखवला की आडवा दांडा वर जायचा. मुलामुलींची रांग सरकत होती. खारूची पाळी आली तशी तिने कोटाच्या खिशातून ती फिल्म काढली आणि तोंडापुढे धरली. दुसऱ्या हाताने कपाळावरचे केस मागे केले. खाली दोन्ही भुवया तयार होत्या. दांडा वर गेला. मागचा एक मुलगा म्हणाला, "हीच ती धुक्यातली."

त्याच वेळी शेजारच्या मोठ्या फाटकातून एक माणूस लंगडं गाढव घेऊन आला. रखवालदाराने त्याला हात दाखवून सरळ आत सोडलं.

"ह्याला नाही अडवलंत?" आत्याने विचारलं.

"आजी, गाढवाला चेहरा विचारत नाहीत," रखवालदार म्हणाला.

आत्या भाचीला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, आता तरी अर्ज कर. समितीपुढे ठेवतो म्हणाला होता ना तो? चांगला स्वच्छ चेहरा मागून घे. रोज हा तुकडा धरत किती दिवस चालणार?"

खारूने नकारार्थी मान हलवली. तिने फिल्मवर बारीक फुंकर मारली, रुमालाने पुसली आणि खिशातून एक लहान, पारदर्शक, नवं कोरं पाकीट काढून त्यात ती सरळ करून ठेवली.

"हे पाकीट आणखी कशाला?" आत्या म्हणाली. "प्लास्टिकला प्लास्टिक?"

"असू दे आत्या," खारू म्हणाली, "खराब होईल."